सर्व्हर बंद होण्याआधी: विकत घेतलेला गेम पुढेही खेळता यावा म्हणून काय काय करावं

संगणकाची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि तुमचा सगळ्यात आवडता गेम उघडून बघा. मेनू आला, जुना सेव्ह उघडला, अर्धा तास निवांत खेळता आलं, तर तो गेम खरोखर तुमच्याकडे आहे. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असं सांगून तो दारातच अडला, तर तो कंपनीच्या मर्जीवर चालू आहे.

ही मर्जी संपते तेव्हा काय होतं, ते ‘द क्रू’ खेळणाऱ्यांनी पाहिलं. युबिसॉफ्टचा हा रेसिंग गेम २०१४ साली आला. त्यात एकट्याने खेळायची चांगली मोठी कथा होती, तरी गेमला सतत सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही गेम गेला. त्यानंतर लगेच, एप्रिलमध्ये, गेमांवर व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. कंपनीने आधार काढून घेतल्यावरही विकलेला गेम खेळता यायला हवा, ही तिची मागणी. युरोपीय संघात या मागणीसाठी दाखल झालेल्या नागरिकांच्या अर्जाने जुलै २०२५पर्यंत दहा लाख सह्यांची अट ओलांडली. मला ही मोहीम मनापासून पटते. पण कायदा येईल तेव्हा येईल, तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करायला हवं. आणि त्यातलं बहुतेक काम सर्व्हर चालू असतानाच करता येतं. बंद झाल्यावर जाग आली तर करण्यासारखं फार थोडं उरतं.

## आधी गेम कशावर टेकलाय ते ओळखा

काही गेम कशावरच टेकलेले नसतात. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेलं तरी चालतात. यांना फक्त नीट साठवायचं.

काही गेम सुरू होताना फक्त हजेरी घेतात, म्हणजे खातं किंवा परवाना तपासतात, आणि मग सगळं तुमच्याच संगणकावर चालतं. इथे हजेरी घेणारा सर्व्हर गेला की धडधाकट गेमसुद्धा उघडत नाही.

तिसऱ्या प्रकारात सर्व्हर फक्त गाठ घालून देतो. कोणकोणत्या ठिकाणी सामने चालू आहेत त्यांची यादी तो देतो. प्रत्यक्ष सामना खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर होतो. या यादी देणाऱ्याला मास्टर सर्व्हर म्हणतात. हा प्रकार वाचवणं सगळ्यात सोपं.

चौथ्या प्रकारात गेमचा मेंदूच कंपनीकडे असतो. शत्रू कुठे उभा आहे, तुमच्या झोळीत काय आहे, हे सगळं तिथे ठरतं. तुमच्याकडे असतात ती फक्त चित्रं, आवाज आणि बटणं.

आपला गेम कोणत्या प्रकारातला, हे ठरवायला दोन चाचण्या पुरतात. पहिली सुरुवातीला सांगितली ती. दुसरी अशी की गेम इंटरनेटसह सुरू करा आणि मध्येच वायर काढा. एकट्याचा खेळ पुढे चालू राहिला तर बहुधा फक्त हजेरीचं बंधन आहे. दोन सेकंदांत मेनूवर फेकला गेलात तर मेंदू बाहेर आहे. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये गेम कोणत्या पत्त्यांशी बोलतो तेही दिसतं. ते पत्ते लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

## बंद होण्याची घोषणा झाली की

घोषणा आणि शेवटचा दिवस यांच्यामध्ये काही आठवडे किंवा काही महिने मिळतात. कधी तेवढेही नाही: ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला.

सर्वात आधी शेवटचा अपडेट उतरवा आणि घेतलेले सगळे जास्तीचे भाग खरोखर इन्स्टॉल करून एकदा उघडा. ‘खात्यात आहेत’ यावर विसंबू नका. बरेचदा हे भाग पहिल्यांदा उघडताना परवाना मागतात, आणि तो द्यायला नंतर कुणी नसतं.

मग सेव्ह. ते कुठे असतात हे शोधायला पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमचं नाव टाका. बहुतेक गेमांचा नेमका फोल्डर तिथे दिलेला असतो. बरेच गेम असतील तर लुडुसावी हे मोफत साधन सगळ्यांचे सेव्ह स्वतःच शोधून एका ठिकाणी ठेवतं. सेव्ह फक्त क्लाउडमध्ये असतील तर आत्ताच खाली उतरवा. नुसती नक्कल करून थांबू नका. मूळ सेव्ह बाजूला हलवा, नक्कल परत जागेवर ठेवा आणि गेम उघडतो का ते बघा. काही गेम सेव्हला खात्याच्या क्रमांकाशी बांधतात, ते याच वेळी कळतं.

कंपनीने स्वतंत्र सर्व्हरचा प्रोग्राम कधी दिला असेल, तर तो आजच उतरवून घ्या. गेमची नक्कल हजारोंकडे असते, पण सर्व्हरची फाइल फार थोड्यांकडे असते आणि तीच आधी हरवते.

गेमचा मेंदू कंपनीकडे असेल तर एक काम फार मोलाचं आहे: गेम आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं नोंदवून ठेवणं. त्यासाठी वायरशार्क हे मोफत साधन वापरतात. गेम उघडण्याआधी नोंद सुरू करा. मग एका फाइलमध्ये फक्त लॉगिन, दुसरीत एक पूर्ण सामना, तिसरीत दुकान उघडून एखादी वस्तू घेणं, असं एकेक काम वेगळं नोंदवा, आणि कोणत्या मिनिटाला काय केलं ते बाजूला लिहा. बोलणं कुलूपबंद असलं तरी कोणत्या क्रमाने, किती लांबीचे संदेश गेले हे कळतं, आणि पर्यायी सर्व्हर लिहिणारे लोक त्यावरून बरंच काही उलगडतात. ही नोंद कुणाला देण्याआधी त्या खात्याचा पासवर्ड जरूर बदला, कारण तुमच्या लॉगिनचे तपशील त्यात असू शकतात.

आणि कंपनीला लिहा. तक्रारीच्या सुरात नको, नेमकं मागा: ऑफलाइन चालणारा शेवटचा अपडेट द्या, किंवा सर्व्हरचा प्रोग्राम द्या. हे अशक्य नाही. ‘नॉकआउट सिटी’चे सर्व्हर जून २०२३मध्ये बंद झाले तेव्हा खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती मोफत मिळाली. ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ला संपली, पण त्याआधीच्या अपडेटमुळे एकट्याने खेळायचे भाग इंटरनेटशिवाय चालू लागले. पत्रात अशी उदाहरणं दिली की ‘तांत्रिकदृष्ट्या जमत नाही’ हे उत्तर देणं अवघड जातं.

## स्वतःची प्रत काढताना

गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम सगळ्यात सोपे. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर वेगळा मिळतो. तो उतरवला की गॉगचं खातं, त्यांचं अ‍ॅप, काहीच लागत नाही. अनेकजण फक्त अ‍ॅपमधून गेम इन्स्टॉल करतात आणि हे इन्स्टॉलर कधीच उतरवत नाहीत. एखादी सुट्टी काढून ते काम उरका.

स्टीम या दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानातल्या गेमांचं एकेक वेगळं असतं. स्टीम पूर्ण बंद करा, गेमच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याची मुख्य फाइल थेट उघडा. कितीतरी गेम असे सरळ चालतात, कारण स्टीमवर नक्कल अडवणारं कुलूप लावणं सक्तीचं नाही. असे गेम ओळखून त्यांचं पूर्ण फोल्डर झिप करून ठेवा. स्टीमची स्वतःची बॅकअपची सोय इथे पुरत नाही, कारण ती परत बसवायला स्टीमच लागतं. आणि स्टीमही कायम तुमच्या जुन्या संगणकावर चालेल असं नाही. १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८साठीचा त्यांचा आधार संपला आहे.

डिस्कबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. माझ्याकडे १९९६च्या ‘क्वेक’ची सीडी होती. मी तिची आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची एका फाइलीतली प्रत, केली, ती चालते हे पाहिलं आणि समाधानाने सीडी एका मित्राला देऊन टाकली. काही वर्षांनी ती फाइल उघडून खेळायला बसलो. बंदुकांचे आवाज येत होते, राक्षस गुरगुरत होते, पण पार्श्वसंगीत नव्हतं. अंधाऱ्या दगडी बोळांमधून चालताना तो गेम ज्या संगीताने अंगावर काटा आणायचा तेच गायब. कारण साधं होतं. त्या सीडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये गेमचा डेटा आहे आणि दुसऱ्यापासून पुढे संगीत गाण्यांच्या सीडीसारखं थेट ऑडिओ ट्रॅक म्हणून भरलेलं आहे. आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो. नशिबाने मित्राने सीडी जपून ठेवली होती.

म्हणून सीडीची प्रत नेहमी बिन आणि क्यू या जोडीत काढा. इमेजबर्नसारखं साधन हे करतं. झाल्यावर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते. ट्रॅक ०१पुढे ‘मोड’ लिहिलेलं दिसेल. त्याखाली ०२, ०३ असे ट्रॅक आणि त्यांच्यापुढे ‘ऑडिओ’ दिसलं, तर संगीत आलं म्हणायचं. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुना डॉस संगणक आजच्या संगणकावर उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही क्यू फाइल जोडली की ट्रॅक तसेच वाजतात. डीव्हीडीला ही अडचण नसते, तिथे आयएसओ पुरते.

डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका. प्रत दोनदा काढा आणि दोन्हींचा हॅश, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारी ओळखखूण, ताडून बघा. जुळला तर वाचन बरोबर झालंय असं धरायला हरकत नाही. डिस्कच्या अचूक प्रतींची नोंद ठेवणाऱ्या रीडम्प या प्रकल्पाच्या यादीत तुमच्या डिस्कचा हॅश सापडला तर आणखी खात्री.

## नवीन संगणकावर जुना गेम

जुना गेम चालला नाही की लोक ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावून बघतात आणि सोडून देतात. त्याआधी नेमकं काय अडतंय ते बघा.

इन्स्टॉलरच उघडत नसेल, तर तो १६ बिटांचा असू शकतो. ६४ बिटांच्या विंडोजवर असे प्रोग्राम चालत नाहीत, पण बरेचदा गेम स्वतः ३२ बिटांचा असतो आणि इन्स्टॉल झाल्यावर व्यवस्थित चालतो. अशा वेळी ८६बॉक्समध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ९८ बसवून तिथे गेम इन्स्टॉल करा आणि तयार फोल्डर बाहेर आणा.

इन्स्टॉल झाला पण डिस्क आत असूनही ‘डिस्क घाला’ म्हणतोय? मग सेफडिस्कसारखं जुनं कुलूप असेल. त्याचा ड्रायव्हर धोकादायक ठरल्यामुळे विंडोज १०मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही, आणि आधीच्या विंडोजमध्ये सप्टेंबर २०१५च्या अपडेटने बंद केला. गेमच्या कंपनीने नंतर डिस्कची अट काढणारा अपडेट दिलाय का ते आधी शोधा, नाहीतर गॉगवरची आवृत्ती घ्या. अनोळखी ठिकाणाहून मिळालेली बदललेली फाइल चालवणं मला धोक्याचं वाटतं.

चित्र काळं येत असेल किंवा रंग विचित्र दिसत असतील तर डीजीवूडू २ वापरून बघा. जुन्या डायरेक्टएक्स आणि ग्लाइड या ग्राफिक्स पद्धतींच्या आज्ञा ते आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजतील अशा करून देतं. त्याच्या फाइली गेमच्या मुख्य फाइलीशेजारी ठेवल्या की झालं. गाड्या उडत असतील किंवा पात्रं भिंतीत अडकत असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला. अनेक जुन्या गेमांचं गणित फ्रेमच्या वेगाला बांधलेलं असतं. लॅनवरचा, म्हणजे एकाच ठिकाणच्या संगणकांच्या जाळ्यावरचा, जुना सामना सुरूच होत नसेल तर विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले नावाचा भाग असतो, तो चालू करा.

डॉसच्या गेमांसाठी डॉसबॉक्स, माऊसने टिचक्या मारत खेळायच्या जुन्या साहसकथांसाठी २००१पासून चालत आलेलं स्कमव्हीएम. ब्राउझरमधल्या फ्लॅश गेमांचा आधार ३१ डिसेंबर २०२०ला संपला. ते फ्लॅशपॉइंट हा जतनसंग्रह आणि रफल हा पर्यायी प्लेअर यांमुळे आजही खेळता येतात.

सगळ्यात भाग्यवान ते गेम, ज्यांचा सोर्स कोड मोकळा झाला. इड सॉफ्टवेअरने १९९७मध्ये ‘डूम’चा आणि १९९९मध्ये ‘क्वेक’चा कोड खुला केला, म्हणून आज ते जवळजवळ कशावरही चालतात. पण त्यांना मूळ गेमच्या डेटा फाइली लागतातच. त्या जपा.

## मित्रांबरोबर खेळायचं असेल तर

मेनूमध्ये ‘लॅन’ असा पर्याय आहे का ते बघा. असेल तर मास्टर सर्व्हर गेला तरी बिघडत नाही. लांबच्या मित्राशी खेळायला झीरोटियरसारखं आभासी नेटवर्क उभं करा. टेलस्केलही चांगलं आहे, पण लॅनवर ‘इथे कोणी आहे का’ अशी गेमची हाक त्यातून पुढे जात नाही. त्यामुळे गेममध्ये थेट आयपी पत्ता टाकायची सोय असेल तरच ते वापरा. फार जुने गेम आयपीएक्स ही पद्धत वापरतात. त्यासाठी आयपीएक्सरॅपर आहे, आणि डॉसबॉक्समध्ये तर ती सोय आतच आहे.

मास्टर सर्व्हर गेला असेल तर नवा पत्ता द्यावा लागतो. गेमस्पाय ही सेवा ३१ मे २०१४ला बंद झाली तेव्हा शेकडो गेमांच्या याद्या एकदम रिकाम्या झाल्या. जानेवारी २०२३मध्ये एपिकने जुन्या ‘अनरिअल टूर्नामेंट’ गेमांचे मास्टर सर्व्हर काढून घेतले. पण १९९९च्या ‘अनरिअल टूर्नामेंट’मध्ये हा पत्ता एका साध्या आयएनआय फाइलमध्ये लिहिलेला आहे. आधी त्या फाइलची नक्कल करा, नोटपॅडमध्ये उघडा, मास्टर सर्व्हरचा पत्ता शोधा आणि तिथे खेळाडूंनी चालवलेल्या मास्टर सर्व्हरचा पत्ता टाका. फाइल सेव्ह करून गेम उघडला की यादी पुन्हा भरते. पहिल्यांदा ती भरलेली पाहिली तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो होतो. इतक्या वर्षांनीही लोक तिथे खेळत होते.

पत्ता अशा फाइलमध्ये नसेल तर विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहून जुन्या नावाची हाक नव्या पत्त्यावर वळवता येते. सुरुवातीला लिहून ठेवलेले पत्ते इथे उपयोगी पडतात. कन्सोलवर हेच काम बदललेल्या सेटिंगने किंवा पॅचने होतं: ‘मारिओ कार्ट वी’साठी विमफी, ३डीएस आणि वी यूसाठी प्रिटेंडो, पहिल्या एक्सबॉक्ससाठी इन्सिग्निया. हे सगळे सर्व्हर खेळाडूंनी आपल्या वेळात उभे केलेत.

‘सिटी ऑफ हिरोज’ हा पूर्णपणे ऑनलाइन गेम ३० नोव्हेंबर २०१२ला बंद झाला. नंतर खेळाडूंनी तो स्वतः चालवला, आणि जानेवारी २०२४मध्ये मूळ कंपनीने ‘होमकमिंग’ या खेळाडूंच्या सर्व्हरला अधिकृत परवाना दिला. खाजगी सर्व्हर म्हणजे चोरी, असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

## कन्सोल, काडतुसं आणि फोन

डिस्क आहे म्हणजे गेम आहे, असं नाही. गेम कन्सोलवरून काढून टाका, इंटरनेट तोडा, फक्त डिस्कवरून बसवा आणि खेळून बघा. कन्सोलवर ठेवायचे अपडेट उतरवून घ्या, आणि डिजिटल खरेदी केलेले सगळे गेम दुकान बंद व्हायच्या आधी उतरवा. ३डीएस आणि वी यूचं दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं; त्यानंतर तिथे नवीन काही विकत घेता येत नाही.

जुन्या कन्सोलच्या अनेक काडतुसांमधला (कार्ट्रिजमधला) सेव्ह एका छोट्या बॅटरीवर जिवंत असतो. ती संपली की सेव्ह गेला, आणि ती बदलायला काढली तरी गेला. म्हणून आधी जीबीएक्सकार्टसारख्या उपकरणाने सेव्ह संगणकावर घ्या, मग बॅटरी बदला आणि सेव्ह परत भरा. नवीन बॅटरी पट्ट्या जोडलेलीच घ्या. साध्या बॅटरीला थेट सोल्डर करायला गेलात तर ती तापून फुटू शकते.

फोनवरचे गेम सगळ्यात लवकर मरतात. आयओएस ११ने २०१७मध्ये ३२ बिटांचे सगळे अ‍ॅप बंद केले. अँड्रॉइड १४ अगदी जुन्या आवृत्त्यांसाठी लिहिलेले अ‍ॅप बसवू देत नाही. एपीके, म्हणजे अँड्रॉइड गेम बसवायची फाइल, आणि तिच्यासोबतची गेमच्या डेटाची ओबीबी फाइल दोन्ही काढून ठेवा, आणि एक जुना फोन अपडेट न करता फक्त खेळण्यासाठी ठेवा.

## साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला डेटा पुसट होऊ शकतो. दीर्घकाळासाठी साधी हार्ड डिस्क बरी. सेव्हन-झिप असेल तर फाइलीवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ या हॅशची फाइल तयार करता येते. वर्षातून एकदा तीच तपासणी पुन्हा चालवा. एक बिट जरी बदलला असेल तर कळतं, आणि दुसरी प्रत शाबूत असताना कळतं.

कुलूप तोडण्याबद्दलचा कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. अमेरिकेत २०१५पासून एक सूट आहे: हजेरी घेणारा सर्व्हर कंपनीने बंद केला असेल तर कायदेशीर विकत घेतलेला गेम स्वतः खेळण्यासाठी ते बंधन काढता येतं. आपल्या देशातला नियम आधी बघा. आणि आपली प्रत आपल्यापुरती ठेवा.

शेवटी प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा. गेमची आवृत्ती कोणती, कुठून आणि कधी घेतला, परवान्याचा क्रमांक काय, कोणत्या विंडोजवर चालवून पाहिला, कोणती जास्तीची फाइल कुठे ठेवली, सेव्ह कुठे जातात, सर्व्हरचा पत्ता काय. माझ्या ‘क्वेक’च्या फोल्डरमधल्या फाइलीत पहिलीच ओळ आहे: ‘क्यू फाइलच जोडायची, आयएसओ नाही.’